लग्नातलं सरण

ज्या शब्दावरून माझं लग्न मोडायला आलं होतं, तो आता आमच्या घरातली लहान पोरं झोपेतसुद्धा म्हणतील. वंदना म्हणताना त्यावर कोणाची जीभ अडत नाही. पण आमच्या गावच्या मांडवात तो पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा पाहुण्यांनी पंगतीकडे पाठ फिरवली, व्याह्यांनी बैल जुंपायला सांगितले आणि मी मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत, लाजलज्जा सोडून, भर मांडवात बोलायला लागले. शब्द होता ‘सरणं’. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगायला नको. प्रेत ठेवतात ते.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. कागदावर मालक निजाम, कारभार इंग्रजाचा आणि मोठी कचेरी नागपुरात. असल्या संसारात आमच्यासारख्यांकडे कोण बघणार? आमचं गाव मलकापूरच्या वाटेवर. भल्या पहाटे बैलगाडी निघाली तर बाजार भरायच्या आत पोचायची. बाबा मलकापूरला कापसाच्या एका जिनात बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. गावात ते महार होते आणि जिनात बॉयलरवाले होते, आणि या दोन्हींमधला फरक त्यांना फार लवकर कळला. त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. गावानं वाण्याला सांगून आमचं मीठ-मिरची बंद केलं, तर त्यांनी ते मलकापूरहून आणलं. "बाजार काय पाटलाच्या बापाचा हाये?" हे त्यांचं वाक्य. आमच्या घरात ते रोज ऐकू यायचं.

आमच्या पुढाऱ्यांनी हा धर्म सोडायचा असं जाहीर केलं, त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. कोणता धरायचा ते मात्र अजून सांगितलं नव्हतं. मधल्या काळात आमच्या महारवाड्याची भलतीच चंगळ झाली. मिशनचे पाद्रीसाहेब सायकलवरून यायचे. मौलवी यायचे, ते तर आम्हाला जेवायलाही बोलवायचे. एकदा पंजाबातले पगडीवाले येऊन पोथी वाचून गेले. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांच्या ओट्यावर आता सगळ्यांचे देव येऊन बसायला तयार. बाबा सगळ्यांना गुळाचा चहा पाजायचे आणि हात जोडून म्हणायचे, "वरून शब्द आला का कळवतो." बाबांना थांबणं जमत होतं. मला जमत नव्हतं, कारण माझं लग्न ठरलं होतं, आणि लग्न कोणत्या तरी रीतीनं लावावं लागतंच.

जुनी रीत काय होती ते सांगते. गावचा जोशी आमच्या वाड्यात पाय ठेवायचा नाही. लग्न असलं की तो गढीच्या ओट्यावर, आमच्यापासून चांगला लांब, उभा राहायचा. तिथंच काय ती मंगलाष्टकं म्हणायचा आणि घटका भरली की जोरात टाळी वाजवायचा. आमच्याकडचा एक माणूस घराच्या धाब्यावर कान टवकारून बसलेला असायचा. टाळी ऐकली की तो ओरडायचा आणि खाली मांडवात अक्षता पडायच्या. वारा उलटा असला तर जोशी टाळीबरोबर फडकंही हलवायचा. मंत्र आमच्यासाठी नव्हतेच. सगळ्या धर्मातून आमच्या वाट्याला टाळी तेवढी आली होती. दक्षिणा मात्र तो जमिनीवर ठेवायला लावून, वर पाणी शिंपडून उचलायचा.

माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, या टाळीची बळी होती. निदान तिला आणि सगळ्यांना तसं वाटत होतं. तिचं लग्न झालं तेव्हा ती परकर नेसायच्या वयाची. ओंजळीत तांदूळ धरून उभी, उन्हानं कावलेली. तिकडे नाल्यावर परीट कपडे आपटत होता. धप्प असा आवाज झाला आणि या पोरीला वाटलं, झाली टाळी. तिनं ओंजळ मोकळी केली. नवरीनं टाकल्या म्हणून सगळ्यांनी टाकल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि थोड्या वेळानं जोशाची खरी टाळी ऐकू आली. धाब्यावरचा माणूस कपाळाला हात लावून बसला. पुढे वयात आल्यावर ती नांदायला गेली. त्याच उन्हाळ्यात गावोगाव पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि तिचा नवरा हां हां म्हणता गेला.

झालं. नवरीनं घटका चुकवली आणि नवरा खाल्ला. सासूनं तिला पांढऱ्या पायाची म्हणून माघारी पाठवलं. आमच्यात पाट लावायची चाल होती, विधवेला कोणी जन्मभर बसवून ठेवत नसे. तिला स्थळं आलीही. आत्यानंच नाही म्हटलं. "दुसराबी मेला तं?" एवढंच ती म्हणायची. माझी आई मी रांगत असताना गेली, तेव्हा आत्यानं मला पदरात घेतलं. पण मला पहिल्यांदा उचलण्याआधी तिनं आपले पाय खसाखसा धुतले होते, असं शेजारच्या बाया सांगत. बाकी सगळं विसरेन, हे ऐकलेलं विसरणार नाही. वाड्यात कोणाचंही लग्न असो, ती मागच्या बाजूला चुलीपाशी बसायची. लग्नाची टाळीसुद्धा कानावर पडू द्यायची नाही. अक्षता पडून गेल्या, वाजंत्री थांबली, की मग हात पुसत यायची आणि लांबूनच नवरीवरून बोटं मोडायची.

मी सातवी झाले आणि बाबांनी मला मास्तरीण करायचं ठरवलं. उमरावतीला ट्रेनिंगला गेले. तिथं आम्हाला मानसशास्त्र नावाचा विषय होता. नाव ऐकूनच निम्म्या पोरींना ताप यायचा. शिकवणाऱ्या बाई विलायतेत शिकून आलेल्या, गोल चष्म्याच्या. कोणत्याही पोरीला उभं करायच्या आणि विचारायच्या, "तू कशाला भितेस?" मी म्हणाले, भुताला. "पाहिलंस कधी?" नाही. "मग तुला भ्यायला कोणी शिकवलं?" त्या म्हणायच्या, पोर जन्माला येताना एवढी सगळी भीती बरोबर घेऊन येत नाही. घरचे ती थोडी थोडी शिकवतात. आणि भिणाऱ्याला नुसतं ‘भिऊ नकोस’ म्हणून किंवा चार शहाणपणाचे शब्द सांगून काही होत नाही. भीती कुठून आली ते त्याच्याच तोंडून निघू द्यावं लागतं. मी हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि पास झाले. पण पुस्तकातलं उचलून चुलीपाशी न्यायचं असतं, हे काही त्या परीक्षेत नव्हतं.

माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मी मास्तर म्हणते, तेव्हाही म्हणायचे. त्यांचं गाव सोनाळ्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, पण नोकरी मलकापूरच्या बाजूला शाळामास्तरची. इंग्रजी सुधारावं म्हणून ते पाद्रीसाहेबांकडे जायचे. साहेबांना वाटलं, पाखरू जाळ्यात आलं. एक दिवस त्यांनी लंडनात छापलेलं एक बारीकसं पुस्तक काढलं, बुद्धाविषयीचं, आणि बाकीचे धर्म कसे अपुरे आहेत ते दाखवायला म्हणून मास्तरांच्या हातात दिलं. "पाहा, यात देवच नाही," साहेब हळहळून म्हणाले. मास्तरांना नेमकं तेच आवडलं. ते पुस्तक घेऊन आले. नंतरही ते चहाला जात राहिले, पुस्तक मात्र कधी परत गेलं नाही.

साहेबांनी त्यांना समजावलंही. आमच्या देशात पोट भरलेली माणसं मनाला शांती मिळावी म्हणून हा बुद्ध वाचतात, तुमच्यासारख्यांनी त्याच्या नादी लागू नये, असं ते म्हणाले. त्यावर आपण काय उत्तर दिलं ते मास्तर जन्मभर सांगत राहिले: "साहेब, आम्हाला शांत व्हायचंच नाही. आम्हाला जागं व्हायचं आहे." हे ते तिथं खरंच म्हणाले, की घरी येताना वाटेत सुचलं, याची मला अजून शंका आहे.

त्या पुस्तकात बुद्धाचं चित्र होतं, नाक चांगलं इंग्रजासारखं धारदार. आमच्या जिल्ह्याच्या कडेलाच अजिंठ्याचा डोंगर. तिथली लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, असं आमचे लोक सांगायचे. म्हणजे आमच्या मागल्या डोंगरात बसलेला माणूस आम्हाला भेटला तो लंडनला वळसा घालून! त्यामुळे त्याचे शब्दही इंग्रजी अक्षरांत आले. मास्तर ‘गच्छामि’ला ‘गक्चामी’ म्हणायचे. उमरावतीला एका मैत्रिणीकडून मी संस्कृतातलं ‘गच्छामि’ म्हणजे ‘जातो’ एवढं उचललं होतं, त्यावर आम्ही ते दुरुस्त केलं. लग्नाआधी आम्हा दोघांत झालेलं गोड बोलणं म्हणाल तर एवढंच.

पण पुस्तकातली एक गोष्ट मला पहिल्या वाचनातच पटली. दुःख आहे आणि त्याला कारण आहे. नशिबाचं नाव नाही, पायगुणाचं नाव नाही. कारण आहे, आणि ते शोधता येतं. ट्रेनिंगच्या बाई भीतीबद्दल जे सांगायच्या, ते हा माणूस कितीतरी आधी सांगून गेला होता. मी मास्तरांना सांगितलं, आपलं लग्न लागलं तर याच्या शब्दांनी लागेल. बाबांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "वरून नवा शब्द आला नाई, हे खरं. पन जोशी सोडा हा शब्द तं आला हाये ना? मंग लाव."

जोशाला कळायला वेळ लागला नाही. आपल्या टाळीवाचून लागलेलं लग्न हे लग्नच नव्हे, पोरगी ठेवलेली धरली जाईल, असा निरोप त्यानं पाटलाच्या गड्याकरवी पाठवला. तो ऐकून मास्तरांचे वडील बिथरले. मोठ्या मिशांचे, रागीट, गावकीची कामं करून म्हातारे झालेले गृहस्थ. त्यांनी अट घातली: तुमच्या नव्या रीतीनं लावा, पण मांडवात काही अशुभ घडलं तर आम्ही वऱ्हाड घेऊन माघारी जाऊ. तसं झालं असतं तर मी ‘ठेवलेली’ही नाही, ‘टाकलेली’ ठरले असते. त्याहून वाईट म्हणजे जोशी खरा ठरला असता, आणि आमच्या वाड्यात पुन्हा कोणी टाळीवाचून लग्न लावायला धजलं नसतं. हे मला चांगलं कळत होतं, आणि तरीही मी हो म्हटलं. माघार घ्यायची नाही हे ठरलेलं होतं.

लग्न सकाळी होतं. मुहूर्त पाहिलाच नव्हता. पाहुण्यांची न्याहारी झाली तोच मुहूर्त. मांडवात एका पाटावर झेंडूची फुलं आणि मलकापूरहून आणलेल्या मेणबत्त्या. चित्र ठेवायचं तर ते पुस्तकातून फाडावं लागलं असतं, आणि मास्तर पुस्तक फाडणारे नव्हते. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या. म्हाताऱ्या कुजबुजत होत्या की रिकाम्या पाटासमोर कुठं लग्न लागतं का. कधी वाजवायचं ते न कळल्यामुळे वाजंत्रीवाले कावरेबावरे. मास्तर म्हणणार आणि त्यांच्यामागून मी आणि सगळ्यांनी म्हणायचं, असं ठरलं होतं. शब्द आम्ही आधी कोणाला ऐकवले नव्हते. फक्त ‘गच्छामि’ म्हणजे ‘जातो’ हे ज्ञान मी आदल्या दिवशी हळद लावताना सगळ्या बायांपुढे मिरवलं होतं.

मास्तरांनी घसा साफ केला.

"बुद्धं सरणं गच्छामि."

मागून पिठानं माखलेल्या हातांनी आत्या धावत आली. यंदा एकुलत्या पोरीचं लग्न म्हणून ती चुलीऐवजी मांडवाच्या मागच्या मेढीपाशी येऊन बसली होती. अक्षता पडायच्या आत ती मांडवात शिरलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"थांबा! काय म्हनून राह्यला हा? सरन? माह्या पोरीच्या लग्नात सरन?"

मास्तर गांगरले, पण मास्तरच ते. लगेच समजावून सांगायला लागले. "आत्याबाई, त्याचा अर्थ तसा नाही. सरण म्हणजे शरण, आसरा. ही पाली भाषा आहे."

"पालीची भाषा?" आत्या मागे सरकली. "आगं माय! एक पाल चुकचुकली तं मानूस घराबाहीर पाय टाकत नाई, अन् हे पालीच्या भाषेत लगन लावून राह्यले!"

हसू येण्यासारखंच होतं, आणि सनईवाला फुसकन हसलाही. व्याही हसले नाहीत. ‘गच्छामि’चा अर्थ मी बायांना सांगितला होता आणि बायांनी तो सगळ्या पाहुण्यांना सांगितला होता. त्यामुळे ‘बुद्धं’ सोडलं तर बाकीचं वाक्य मांडवातल्या एकूण एक माणसाला नीट समजलं होतं: सरणावर जातो.

"बरोबर बोलते बाई," व्याही गरजले. "काऊन बे, मास्तर झाला म्हनून आमाले जितेपनी मसनात धाडतं काय?"

हे आम्हा दोघांना आधी कसं सुचलं नाही? मी पुढे पुष्कळदा विचार केला. पुस्तकात त्या शब्दाखाली इंग्रजीत अर्थ छापला होता, आसरा. तो वाचून आम्ही मोकळे झालो. विलायतेहून आलेला शब्द आम्ही मराठी कानांनी ऐकलाच नव्हता. आत्यानं ऐकला.

मास्तरांच्या काकांनी तोड काढली. ते बरीच वर्षं खामगावला राहिलेले, शुद्ध बोलायचे. "सरणं म्हणू नका, शरणं म्हणा. संस्कृतात तसंच आहे. ‘शेता’तला ‘श’. म्हणा बरं सगळे, शरणं."

मांडव एका सुरात म्हणाला, "सरनं."

"अहो सरनं नाही! श! शेत, शाळा, शहर!"

"सेत, साळा, सहर," मांडव म्हणाला.

काकांनी आणखी एकदा जीव काढून पाहिला आणि पागोटं सारखं करत खाली बसले. आमच्या वाड्यात ‘श’ कधी राहायलाच आला नव्हता, तो लग्नापुरता कुठून येणार?

मास्तर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आपण दोघं तरी ‘शरणं’ म्हणू. एका अक्षराचा तर प्रश्न आहे."

मला त्यांचा असा राग आला की मुंडावळ्या तोडून त्यांच्या हातात द्याव्यात. प्रश्न अक्षराचा नव्हताच. ‘श’ काय नि ‘स’ काय, बुद्धाचं त्यात काही अडत नव्हतं. पण आज अपशकुनाला भिऊन आम्ही अक्षर बदललं असतं, तर उद्या त्याच भीतीचा हात धरून टाळी परत आली असती. मी म्हटलं, "नाही!" ते इतक्या मोठ्यानं निघालं की चुलीपाशी बाया उभ्या राहिल्या. नवरी बोलली हे पाहून सगळा मांडव माझ्याकडे वळला.

व्याही उठले. "बैलं जुपा," ते म्हणाले. त्यांच्या मागोमाग त्यांची माणसं उठली. बाबा हात जोडून आडवे गेले, तर त्यांना बाजूला सारून सगळे गाड्यांकडे निघाले. वाड्याच्या तोंडाशी पाटलाचा गडी उभाच होता, जोशाला बातमी न्यायला. आत्या मात्र होती तिथंच होती, पिठाचे हात छातीशी धरून. तिला लग्न मोडायचं नव्हतं. तिला मला वाचवायचं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि ट्रेनिंगच्या बाईंचं बोलणं मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं. आम्ही सगळे आत्याला अर्थ सांगत सुटलो होतो. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्या, तुले कायचं भेव वाटून राह्यलं?"

"मले काय भेव? माह्यं काय राह्यलं आता? तुह्यं भेव वाटते. एक घडी चुकली, तोंडातून एक वंगाळ शब्द निंगाला, का मानूस जाते. मले नाई मालूम तं कोनाले मालूम?"

"घडी तुह्यानं चुकली?"

"चुकली ना माय," ती अगदी हळू म्हणाली. "म्याच आंधी टाकल्या अक्षता."

"त्या साली तुह्या सासरी अजून कोन कोन मेलं?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नसावं. ती आठवायला लागली. "शेजारचा मेला. त्याची माय मेली. पल्याडच्या घरची लेकरं. लय मेले वं. आपल्या वाड्यातलं एकबी घर सुटलं नाई."

"मंग त्या सगळ्याईच्या लग्नात कोनं आंधी अक्षता टाकल्या होत्या?"

गाड्यांपाशी गेलेली माणसं थांबून ऐकत होती.

"पानी कुठलं पेत होते तुमी?"

"नाल्यातल्या झिऱ्याचं. वाळू उकरून काढाचं. मंग झिरा आटला, तं खालच्या डबक्याचं. ढोरं बसत तथी."

"अन् गावची विहीर?"

"तिच्यावर आपल्याले कोन चढू देते?"

"त्या विहिरीचं पानी पेनारे किती मेले?"

आत्यानं मान वर केली. "एक म्हातारा," ती म्हणाली. "तो तं आंधीपासूनच खाटल्यावर होता."

मला पुढे भाषण करायचं होतं. दुःख, कारण, विहीर, सगळं मनात तयार होतं. ते करावं लागलं नाही. मांडवातल्या जुन्या माणसांचे चेहरे मी पाहिले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी त्या साली कोणी ना कोणी गेलं होतं, आणि त्याचा दोष घरातल्याच एखाद्या बाईच्या पायाशी नेऊन ठेवलेला होता.

आत्या बाबांकडे वळली. तिच्या लग्नात बाबा कोणाच्या तरी खांद्यावर बसून होते. परटाची आणि टाळीची गोष्ट ते आम्हाला गंमत म्हणून सांगत आले होते. त्यांना तिनं विचारलं, "मंग म्या नाई मारलं त्याले?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. "नाई बाई," ते म्हणाले. "तू नाई मारलं. त्याले पान्यानं मारलं."

एवढं उत्तर द्यायला आमच्या घरानं तिचं सगळं तारुण्य घालवलं. मला त्याचा तेव्हा संताप आला आणि अजून येतो.

आत्या मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. लग्नात असं रडणं अशुभ मानतात, पण तिला कोणी गप्प केलं नाही. मला वाटलं रडू दे, पोटभर रडू दे, लग्न काय उद्याही लागेल. व्याही गाडीचं जू धरून उभे होते. त्यांनी ते खाली ठेवलं, मिशांवरून हात फिरवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "सोडा रे बैलं." मग मांडवात येऊन पहिल्यांदा बसले होते तिथंच बसले.

थोड्या वेळानं आत्या उठली. तोंड पुसलं, हात पदराला पुसले. ती मागे चुलीकडे जाईल असं वाटलं, पण ती पुढे आली. काडेपेटी मागून घेतली, विझलेल्या मेणबत्त्या एकेक करून पेटवल्या, आणि मास्तरांना जरा सरकायला लावून माझ्या शेजारी उभी राहिली.

"म्हना आता," ती म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. मी त्यांच्यामागून म्हणत होते, पण पुटपुटल्यासारखं. मांडवाच्या उघड्या बाजूनं आमच्या गावची विहीर दिसत होती, तीही आम्हाला बंदच. तिथं पाणी भरणाऱ्या बाया घागरी कठड्यावर ठेवून आमच्याकडे बघत होत्या. आत्यानं मला कोपर मारलं.

"हळू काऊन म्हनतं वं? जोरानं म्हन. त्या विहिरीवरच्याईले आयकू गेलं पायजे."